‘लेडी ॲन’: छोट्या लाईनच्या गावासाठी वाफेचं इंजिन

610 भागिले 19 केलं की उत्तर 32 आणि वर चिमूटभर येतं. ग्वाल्हेरकराने वाफेचं चालतं मॉडेल घ्यायचं ठरवलं तर सगळा हिशोब या भागाकारापासून सुरू होतो. आपल्या छोट्या लाईनचे, म्हणजे शिंद्यांच्या ग्वाल्हेर–श्योपूर नॅरोगेज रेल्वेचे, रूळ दोन फुटी, म्हणजे 610 मि.मी. अंतरावर होते. बागेतल्या वाफेच्या गाड्यांच्या जगात ‘सोळा मि.मी.’ नावाचं एक माप आहे. त्यात एका फुटाला 16 मि.मी., म्हणजे प्रमाण 1:19, आणि गाडी धावते 32 मि.मी.च्या रुळावर. दोन फुटाचे बरोब्बर 32. ओढूनताणून काही जुळवावं लागत नाही.

हे सांगायचं कारण असं, की बाजारात 45 मि.मी. रुळाची इंजिनं आणि डबे खूप दिसतात आणि नवखा माणूस तिकडेच वळतो. 45 मि.मी. वाईट नाही, पण त्या रुळावरची 1:20.3 मापाची मॉडेलं तीन फुटी गेजची असतात. 45 मि.मी.वर दोन फुटी गाडी दाखवायची तर प्रमाण 1:13.7 घ्यावं लागतं आणि तिचा एकेक डबा गच्चीवर पाटाएवढा होऊन बसतो. शिंद्यांची लाईन मनात असेल तर 32 घ्या आणि विषय संपवा.

आता इंजिनाकडे. राउंडहाउस ही इंग्लंडमधल्या डॉनकास्टरची कंपनी. ‘लेडी ॲन’ हे तिचं बरीच वर्षं बनत असलेलं मॉडेल: 0-6-0 चाकांचं (सहाही चाकं ओढणारी, पुढे-मागे आधाराची चाकं नाहीत) टँक इंजिन (पाणी-इंधन स्वतःच्याच अंगावर वाहणारं), गॅसवर पेटणारं, तांब्याचा बॉयलर, कामाचा दाब 40 पीएसआय (चौरस इंचाला 40 पौंड), दोन डबल ॲक्टिंग (पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ मिळणारे) सिलिंडर, आत डी आकाराच्या सरकत्या झडपा आणि बाहेर दिसणारा सोपा केलेला वॉलशार्ट व्हॉल्व्ह गिअर (चाकांच्या तालात त्या झडपा हलवणारे दांडे). हे कुठल्याही खऱ्या इंजिनाची नक्कल नाही. ब्रिटिश नॅरोगेज टँक इंजिन जसं दिसतं तसं कल्पनेतून बेतलेलं आहे. ग्वाल्हेर लाईनवर प्रत्यक्षात टेंडरवाली (मागे कोळसा-पाण्याचा डबा जोडलेली) लांब इंजिनं होती, 2-8-2 चाकांचीसुद्धा. त्यामुळे शेजारी फोटो ठेवून ताडून पाहणाऱ्याची इथे निराशा होईल. रंग आणि पाट्या बदलून थोडी सोय होते, पण तेवढीच. हे इंजिन घ्यायचं ते चालवण्यासाठी.

महालातली चांदीची गाडी पाहिलेल्यांच्या मनात इथे एक गोंधळ असतो. जयविलासच्या भोजनकक्षात टेबलावर फिरणारी ती गाडी, जिच्या डब्यांवर शिंद्यांच्या नावाची एकेक इंग्रजी अक्षरं आहेत आणि जिच्यावरची मद्याची सुरई उचलली की गाडी थांबते, ती विजेची आहे. तिच्यात वाफ कधी नव्हतीच. वाफेवरचं मॉडेल म्हणजे वेगळंच काम: पाणी, विस्तव, तेल आणि हाताला चटका. शिवाय खटका दाबला आणि सुरू, असंही नाही. थंड इंजिन रुळावर ठेवल्यापासून पहिला फेरा होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

किट की तयार? लेडी ॲन दोन्ही प्रकारांत मिळते. किटमध्ये बॉयलर जोडून, चांदीच्या टाक्याने पक्का करून आणि तपासून येतो. तुमच्याकडे काम राहतं ते चॅसिस, व्हॉल्व्ह गिअर, पाइप आणि पत्र्याचं अंग जोडायचं. लेथची गरज नाही. बारीक कानशी, चांगले स्क्रू ड्रायव्हर, छोटे पाने आणि थोडा धीर एवढं पुरतं. आमचं मत स्पष्ट आहे: हात चालत असतील तर किटच घ्या. एक तर स्वस्त पडतं. दुसरं म्हणजे इथे ग्वाल्हेरात काही बिघडलं तर दुरुस्तीला परत पाठवण्याचा खर्च आणि कटकट फार, आणि ज्याने स्वतः जोडलंय त्याला बहुतेक वेळा पाठवावं लागत नाही.

किट जोडताना लोक घाई करतात ती दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे चाकं एकमेकांना जोडणारे कपलिंग रॉड. सहाही चाकं बसवल्यावर सिलिंडर जोडण्याआधी चॅसिस काचेवर ठेवून बोटाने ढकला. कुठे एका जागी अडतंय का ते बघा, कारण वाफ आली की ती अडचण नाहीशी होत नाही, फक्त दाबाखाली झाकली जाते आणि इंजिन सावकाश चालत असताना प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी कचरतं. रॉडचं भोक केसभर मोठं करायला हरकत नाही. पण आधी कुठला रॉड ते नक्की करा, एकेक काढून पाहा. दुसरं ठिकाण म्हणजे झडपांची जुळणी. स्टीम चेस्टचं (झडप असलेल्या पेटीचं) झाकण काढा, चाक हाताने फिरवा आणि झडप पुढच्या व मागच्या पोर्टवरून (वाफेच्या भोकांवरून) सरकताना दोन्हीकडे सारखीच फट उघडते का ते डोळ्याने पाहा. एकीकडे जास्त उघडत असेल तर इंजिनाचा आवाज लंगडा येतो: छक्‌ छक्‌ छ… छक्‌. चार ठोके सारखे हवेत. झाकण पुन्हा लावलं की गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप जोडून वीस-पंचवीस पीएसआयवर चॅसिस नुसत्या हवेवर फिरवून घ्या. पिस्टन रॉडच्या ग्लँडचे (रॉडभोवतून वाफ गळू न देणाऱ्या बुचाचे) नट बोटांनी आवळून वर अगदी जरासा पाना, बस. गळती थांबवायला ते करकचून आवळले तर गळती थांबते आणि इंजिनही.

मागवताना पावतीवर ‘प्रौढांसाठी, चालतं स्केल मॉडेल’ असं स्पष्ट लिहून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) अट आहे आणि पार्सल खेळण्याच्या सदरात ढकललं गेलं की कागदपत्रांचं गुऱ्हाळ सुरू होतं. किंमत पौंडांत चार आकडी आहे; त्यावर भाडं आणि सीमाशुल्क धरून घरपोच आकडा काढा, मग बायकोला सांगा. पार्सलमध्ये गॅस मागवू नका, विमानातून तो येत नाही.

गेज मात्र मागवतानाच सांगायचं असतं. 32.

आता रूळ. पेको कंपनीचा एसएम-32 हा या मापाचा फ्लेक्सी (हवा तसा वाकवता येणारा) रूळ आहे, एका लांबीला 914 मि.मी., म्हणजे एक वार. ग्वाल्हेरच्या गच्चीवर तो टाकताना तीन गोष्टी सांभाळायच्या: उतार, ऊन आणि वळण.

उतार सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच लोक विसरतात. गच्चीला पाणी जाण्यासाठी मुद्दाम ढाळ दिलेला असतो, शंभरात एक धरा, म्हणजे मीटरमागे 10 मि.मी. माणसाला तो जाणवत नाही, पण हाताने रेग्युलेटर (वाफ कमीजास्त करणारा दांडा) लावून सोडलेल्या वाफेच्या इंजिनाला जाणवतो. गाडी नाबदानाच्या (पाणी जायच्या भोकाच्या) दिशेला पळत सुटते आणि परत येताना दमते. शेवटी तुम्ही चढावर पुरेल एवढी वाफ सोडता आणि उतारावर गाडी वळणातून बाहेर जाते. म्हणून रूळ थेट गच्चीवर नको. फरशीच्या, नाहीतर जाड मरीन प्लायच्या पट्ट्या घ्या, खाली पत्र्याचे किंवा प्लायचे तुकडे सारून स्पिरिट लेव्हलने सारखं करा. मीटरला 1 मि.मी.पर्यंत फरक चालतो. आपल्याकडे दगडाची पट्टी सहज आणि स्वस्तात मिळते. ती वाकत नाही, उडत नाही, आणि वळिवाच्या वादळात जागेवर राहते. प्लाय हलका, पण दोन पावसाळ्यांत फुगतो.

ऊन. मे महिन्यात दुपारी उन्हातला रूळ 60 अंशांपर्यंत तापला, आणि जानेवारीच्या पहाटे तो 5 अंशांवर असेल, तर मधल्या 55 अंशांत निकेल सिल्व्हरचा रूळ मीटरमागे सुमारे 0.9 मि.मी. वाढतो. आठ लांबींत हे जवळपास साडेसहा-सात मि.मी. होतं. हिवाळ्यात रूळ टाकलात आणि टोकाला टोक भिडवून ठेवलं, तर एप्रिलमध्ये तो बाजूला फुगून सापासारखा होतो. थंडीत टाकताना प्रत्येक सांध्यात 1 मि.मी. फट ठेवा; पोस्टकार्डाचे तीन-चार थर मध्ये धरले की माप होतं. स्लीपर खिळ्याने प्रत्येक ठिकाणी जखडू नका, अर्ध्या मीटरवर एक पुरे आणि तोही सैल. खऱ्या लाईनीवर सांध्यात फट ठेवतात ती याच कारणासाठी.

वळण. 762 मि.मी. त्रिज्येच्या वर्तुळाला पावणेदोन मीटरची चौकोनी जागा पुरते आणि गाडी तिथे फिरते. पण सहाचाकी इंजिन आणि मागे लांब बोगी डबे असतील तर 1,200 मि.मी. त्रिज्या घ्या, वळणात घासणं कमी, म्हणून वाफ कमी लागते आणि वेग सांभाळता येतो. त्या वर्तुळाचा परीघ साडेसात मीटर. आता मजा बघा. ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे 200 किलोमीटर. छोटी गाडी त्याला दहा-अकरा तास घ्यायची, म्हणजे सरासरी ताशी अठराच्या आसपास, सेकंदाला 5 मीटर. त्याला 19 ने भागलं की 26 सें.मी. तेव्हा 1,200 च्या वर्तुळात एक फेरा 29 सेकंदांत झाला, की गाडी श्योपूर पॅसेंजरच्या चालीने चालली आहे. घड्याळ लावून चालवून पाहा. नवशिक्यांच्या गाड्या बारा-पंधरा सेकंदांत फेरा मारतात. तो वेग शताब्दीला शोभतो, छतावर माणसं बसलेल्या गाडीला नाही. (सगळी लाईन याच मापात टाकायची तर साडेदहा किलोमीटर रूळ लागेल. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सगळ्या गच्च्या जोडल्या तर बघा जमतंय का.)

पेटवण्याचा क्रम असा. आधी तेल: धुरे, रॉडचे सांधे, व्हॉल्व्ह गिअरच्या खिट्ट्या, प्रत्येकी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. मग ल्युब्रिकेटर (सिलिंडरांना तेल पोचवणारी छोटी टाकी) उघडून त्यात सिलिंडर ऑइल काठोकाठ. हे तेल नेहमीचं इंजिन ऑइल नव्हे. वाफेच्या सिलिंडरांसाठी 460 दर्जाचं, चरबी मिसळलेलं घट्ट तेल असतं. कारखान्यांना वंगण पुरवणाऱ्या दुकानात ‘स्टीम सिलिंडर ऑइल’ म्हणून मागा. मोटारीचं तेल ओल्या, तापलेल्या धातूला चिकटून राहत नाही आणि वाफेबरोबर धुऊन जातं. पाचेक वेळा चालवल्यावर झडपा कोरड्या पडून खरखरायला लागतात. अर्धा लिटर आणलं तरी कित्येक वर्षं पुरेल, कारण एका फेरीला एक-दोन मि.ली.च लागतं.

त्यानंतर पाणी. सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उघडा, बॉयलर काठोकाठ भरा आणि मग सिरिंजने 30 मि.ली. परत काढा. ही काढाकाढी वेडेपणाची वाटते, पण त्या मोकळ्या जागेतच वाफ साठते. नाही काढलं तर पाणीच रेग्युलेटरमधून सिलिंडरमध्ये जातं आणि धुराड्यातून गरम पाण्याची पिचकारी उडते. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडच्या बादल्यांवर पांढरा थर बसतो, तोच आत बसेल, आणि तिथे ब्रश पोचत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं, फक्त डब्यावर ‘बॅटरी ॲसिड’ लिहिलेलं नाही ना हे पाहा. पावसाळ्यात पहिल्या दोन सरी जाऊ देऊन धरलेलं आणि फडक्यातून गाळलेलं पावसाचं पाणी उत्तम.

गॅस शेवटी. इथे ग्वाल्हेरच्या हवेचा संबंध येतो, आणि इंग्रजी माहितीपत्रकं याबाबत आपल्या कामाची नाहीत, कारण त्यांच्याकडे ना पंचेचाळीस अंश असतात ना आपल्यासारखा जानेवारी ते मे एवढा फरक. शुद्ध ब्युटेन उणे अर्धा अंशाला उकळतो. 5 अंशांना टाकीतला त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम पाव बारने जास्त असतो, 20 अंशांना एक बारच्या थोडा वर आणि 45 अंशांना तीन बारच्याही पुढे. म्हणजे तोच व्हॉल्व्ह तेवढाच उघडला तर जानेवारीत ज्योत आजारी आणि मेमध्ये घरघरणारी.

थंडीत 70 टक्के ब्युटेन आणि 30 टक्के प्रोपेनचं मिश्रण वापरा. ट्रेकिंगच्या सामानात चुडीचे (आट्यांचे) डबे मिळतात, त्याला भरण्याचं अडॅप्टर वेगळं लागतं. ते नसेल तर लायटरमध्ये भरायचा साधा ब्युटेन घ्या आणि कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं इंजिनाच्या गॅस टाकीवर पेटवण्याआधी दोन मिनिटं ठेवा. पेटल्यावर बॉयलरची ऊब टाकीला मिळते आणि पुढे अडत नाही. गॅसचा डबा मात्र कधीही तापवू नका, ना उन्हात, ना गरम पाण्यात.

उन्हाळ्यात अडचण उलटी. भरताना डबा आणि टाकी दोन्ही सारखीच तापलेली असली की दाब सारखा होतो आणि गॅस आत जायलाच तयार नसतो. थोडा फुसफुसतो आणि थांबतो. डबा बिघडला समजून लोक दुसरा आणतात. खरं तर ओलं थंड फडकं इंजिनाच्या टाकीभोवती मिनिटभर गुंडाळलं, की टाकीतला दाब उतरतो आणि गॅस सुळकन जातो. डबा उलटा, नोझल सरळ खाली, व्हॉल्व्हमधून पांढरा द्रव उडायला लागला की पुरे. इथून पुढे घाई नको. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो. कठड्याच्या कोपऱ्यात, नाबदानापाशी तो साचतो. भरण्याची जागा आणि पेटवण्याची जागा यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवा आणि मध्ये मिनिटभर जाऊ द्या.

पेटवायला लांब दांड्याचा, ज्योतीचा लायटर. धुराड्याच्या तोंडावर ज्योत धरा, गॅसचा व्हॉल्व्ह पाव चक्करपेक्षाही कमी उघडा. ‘फप्’ असा आवाज होऊन ज्योत धुराड्यातून खाली बॉयलरच्या नळीत उतरते आणि आत निळी होऊन स्थिरावते. ती वरच, तोंडावरच जळत राहिली तर गॅस जास्त झालाय. बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा. पिवळी ज्योत आणि भपकारा आला तर टाकी फार भरलीय आणि द्रव गॅस बर्नरला पोचतोय. आणि कर्कश किंचाळी आली तर गॅस कमी करा, बहुधा तेवढ्याने थांबते.

पाच-सात मिनिटांत प्रेशर गेजचा काटा हलतो. 40 पीएसआयच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह सुसू करू लागला की गॅस थोडा उतरवा. आत आता 141 अंशांच्या आसपासचं पाणी आहे हे लक्षात ठेवा. रेग्युलेटर एकदम उघडू नका: सिलिंडर थंड आहेत, पहिली वाफ त्यांच्यात पाणी होऊन बसते, आणि पाणी दबत नाही. चाकं घट्ट होतात, नवखा आणखी रेग्युलेटर उघडतो, मग इंजिन अचानक सुटतं. त्याऐवजी रेग्युलेटर किंचित उघडून इंजिन हाताने पुढे-मागे हळूहळू ढकला, धुराड्यातून पाणी थुंकलं जाईल. (डोकं वर धरू नका आणि पांढरा कुर्ता घालू नका; त्या पाण्यात काळं तेल असतं.) ठोके कोरडे, स्वच्छ यायला लागले की डबे जोडा. डबे जोडायचेच, कारण रिकामं इंजिन हाताने सांभाळणं कठीण. चार-पाच वजनदार डबे मागे असले तर ते शहाण्यासारखं चालतं.

एका भरण्यात साधारण अर्धा तास मिळतो. यातली सगळ्यात शहाणपणाची रचना अशी, की गॅसची टाकी मुद्दाम लहान ठेवलेली आहे: दोन्ही पूर्ण भरले असतील तर आधी गॅस संपतो, पाणी नंतर. ही शिस्त मोडायचा एकच मार्ग आहे आणि तोच सगळे चोखाळतात. गॅस संपला, मुलं म्हणाली ‘अजून एकदा’, पाणी न बघता गॅस पुन्हा भरला. कोरडा बॉयलर तापला की नुकसान होतं आणि ते गच्चीवर दुरुस्त होत नाही. पाणी दाखवणारी काच आणि दाब असतानाही पाणी भरता येईल असा व्हॉल्व्ह जादा पैसे देऊन मिळतो. रेडिओ कंट्रोलपेक्षा आधी हे घ्या. रेडिओ नंतर बसवता येतो, आणि सपाट वर्तुळ असेल तर लागतही नाही.

गाडी थांबल्यावर दाब शून्य होऊ द्या आणि मग लगेच सेफ्टी व्हॉल्व्ह फडक्याने धरून सैल करा. तसाच बंद ठेवून थंड होऊ दिलात तर आत पोकळी तयार होते आणि ती ल्युब्रिकेटरमधलं तेल उलटं बॉयलरमध्ये ओढते. पुढच्या वेळी पाणी फेसाळतं आणि धुराड्यातून तेलकट पाणी येत राहतं. मग दोन-तीनदा गरम पाण्याने विसळत बसावं लागतं. ल्युब्रिकेटरमध्ये आता वर उरलेलं तेल आणि खाली वाफेचं झालेलं पाणी असेल. ते पाणी काढलं नाही तर पुढच्या खेपेला तेलाला जागाच उरत नाही. तळापर्यंत पोचेल अशी बारीक नळी सिरिंजला लावली की काम होतं. हे पाणी किती निघालं तेवढं तेल वापरलं गेलं, म्हणजे ल्युब्रिकेटर नीट चालतोय की नाही याचा मीटरच.

ज्योत दिवसेंदिवस कमजोर होत असेल तर जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोटी) तुंबला आहे. त्यात तार घालू नका. भोक इतकं बारीक असतं की तारेने ते मोठं होतं आणि मग कुठलंही सेटिंग जमत नाही. जेट काढून ॲसिटोनमध्ये बुडवा आणि उलट बाजूने गॅसच्या डब्याचा फवारा मारा, अर्थात जवळपास कुठेही ज्योत नसताना.

डबे विकत घेण्यापेक्षा इथे बनवून घ्या. फुटाला 16 मि.मी. हे सुतारालाही एका वाक्यात समजतं. 3 मि.मी. प्लाय, धातूची चाकं, आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 28 मि.मी.; हे माप चुकलं की डबा सरळ रुळावर चालतो आणि काट्यावर (रूळ बदलतो तिथे) रुळावरून उतरतो. लाईन 1899 मध्ये सुरू झाली, 1909 पर्यंत श्योपूरला पोचली, 1951 मध्ये मध्य रेल्वेत गेली आणि मार्च 2020 मध्ये थांबली. कुठल्या काळाची गाडी करायची ते आधी ठरवा, नाहीतर वाफेच्या इंजिनामागे एनडीएम-5 डिझेलच्या काळातले डबे लागतात आणि कोणीतरी जाणता बघून हसतो.

तुलनेला मॅमोड कंपनीच्या इंजिनाचं नाव हमखास निघतं. तेही 32 मि.मी.वर चालतं आणि बरंच स्वस्त आहे. पण घन इंधनाच्या वड्यांवर चालणारं, झुलत्या सिलिंडरांचं साधं खेळणं आहे. व्हॉल्व्ह गिअर हलताना पाहायचा नाद असेल तर तो तिथे भागत नाही. मुलाला वाफ म्हणजे काय हे दाखवायला मात्र ते चांगलं, आणि बिघडलं तरी जीव हळहळत नाही.

लेडी ॲन कधी चालवावी, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. कारण फक्त गॅसचं नाही. मेच्या दुपारी धुराड्यातून तेवढीच वाफ निघते, पण कोरड्या गरम हवेत ती दिसतच नाही. इंजिन नुसतं तापलेलं, आवाज करणारं यंत्र वाटतं. जानेवारीत धुकं उतरत असताना तीच वाफ दाट पांढरी होऊन डब्यांवरून मागे लोळत जाते आणि वळणावर रुळाच्या आतल्या बाजूला पडून राहते.

पावसाळ्याआधी बॉयलर पूर्ण रिकामा करा, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, चाकांना आणि रॉडना तेलाचं बोट फिरवा. रूळ काढून आत घ्या. आणि इंजिनावर पातळ फडकं नीट बांधा, धुराड्याचं तोंड आणि बर्नरची हवेची भोकं झाकली जातील असं. कुंभारमाशीला या मापाची भोकं फार आवडतात. सप्टेंबरात इंजिन पेटत नाही म्हणून जेट, टाकी, गॅस सगळं तपासून झाल्यावर बर्नरमधून चिमूटभर माती निघते.